आधी सुई, मग स्कॅन

या वेळचं पत्र सांगली जिल्ह्यातल्या एका वाचक ताईंचं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून ते थोडक्यात देते.

"मी ४८ वर्षांची आहे. महिन्यापूर्वी आंघोळ करताना डाव्या स्तनात गाठ हाताला लागली. मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी झाली. गाठ १.६ सेंटिमीटरची आहे, रिपोर्टवर 'बायरॅड्स ४' आणि 'डेन्स' असं लिहिलंय. डॉक्टर बायोप्सी करा म्हणतात. सासूबाई म्हणतात, गाठीला सुई लावली की ती चिघळते आणि अंगभर पसरते. नणंदेचे यजमान पुण्यात असतात. ते म्हणतात, बायोप्सीच्या भानगडीत पडू नका, सरळ पेट स्कॅन करा, डोक्यापासून पायापर्यंत सगळं कळतं. यांनी त्यासाठी बावीस हजार बाजूला काढून ठेवलेत. अमेरिकेतला भाचा सांगतो, तिकडे फक्त स्तनाचा वेगळा न्यूक्लिअर स्कॅन असतो, तो शोधा. मला मधुमेह आहे, मेटफॉर्मिन चालू आहे. लेक सातव्या महिन्यात बाळंतपणाला आली आहे. माझ्या अंगातून किरणं निघाली तर तिच्या बाळाला काही होईल का? माझी मावशी याच आजाराने एक्केचाळिसाव्या वर्षी गेली. तिची काख साफ केली होती, हात शेवटपर्यंत सुजलेला होता. ते डोळ्यांसमोरून जात नाही. दोन बहिणी आहेत, त्यांचेही स्कॅन करून घ्यावेत का?"

प्रिय ताई,

आधी एक गोष्ट सरळ सांगते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचता येईल. बायोप्सी करून घ्या, याच आठवड्यात. बावीस हजार सध्या कपाटातच राहू द्या. मी स्वतः न्यूक्लिअर मेडिसिनची, म्हणजे किरणोत्सारी औषध टोचून स्कॅन करणाऱ्या शाखेची, डॉक्टर आहे, पेट स्कॅन आणि हाडांचे बोन स्कॅन वाचणं हे माझं रोजचं काम आहे, आणि तरीही तुम्हाला सांगते आहे की आमच्या विभागाची पायरी तुम्ही आज चढायची नाही. कदाचित पुढे चढावी लागेल, कदाचित लागणारही नाही.

बायरॅड्स ४ हे शब्द वाचून तुमच्या घरात निकाल लागल्यासारखं वातावरण झालं असणार. तो निकाल नाही. बायरॅड्स ही स्तनाच्या रिपोर्टवर शंका किती ते सांगणारी आकड्यांची पट्टी आहे. ४ या गटात कर्करोग निघण्याची शक्यता २ टक्क्यांपासून ९५ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकते, इतका तो पसरट गट आहे. रेडिओलॉजिस्ट त्यातून एवढंच सांगतो की मला शंका आहे, तुकडा तपासा. कधी कधी रिपोर्टवर ४ च्या पुढे ए, बी किंवा सी लिहिलेलं असतं, त्यावरून शंका किती दाट आहे ते कळतं. तुमच्या रिपोर्टवर आहे का ते डॉक्टरांना विचारा.

आता पेट स्कॅन. या तपासणीत शिरेतून एफडीजी नावाचं औषध देतात. ते साखरेच्या रेणूसारखंच असतं, फक्त त्याला फ्लोरिन-१८ हा किरणोत्सारी अणू जोडलेला असतो. झपाट्याने वाढणाऱ्या पेशी साखर जास्त खातात, म्हणून त्या जागी हे औषध साठतं आणि पडद्यावर ती जागा चमकते. ऐकायला हे इतकं सोपं आणि पटणारं आहे की तुमच्या नणंदेच्या यजमानांना दोष देववत नाही. पण साखर काही फक्त कर्करोगच खात नाही. जंतुसंसर्ग झालेली जागा खाते, नुकत्याच घेतलेल्या लशीमुळे सुजलेल्या काखेतल्या गाठी खातात, आणि आपल्याकडे तर क्षयरोग जिथे तिथे. छातीतल्या चमकणाऱ्या गाठी बघून घरच्यांनी धीर सोडावा आणि तुकडा तपासल्यावर क्षय निघावा, हे आमच्या विभागाला नवीन नाही. उलट बाजूही आहे. स्तनातले सगळेच कर्करोग साखरेचे भुकेले नसतात. सावकाश वाढणारे, दुधाच्या ग्रंथींच्या खंडिकांपासून निघणारे, एक सेंटिमीटरहून लहान असलेले कर्करोग पेटवर फिके दिसतात किंवा दिसतच नाहीत.

म्हणजे तुमच्या बाबतीत काय होईल ते बघा. पेटवर गाठ चमकली तर डॉक्टर म्हणतील, बायोप्सी करा. चमकली नाही तरी तेच म्हणतील, कारण सोनोग्राफीवर दिसलेली शंका त्याने पुसली जात नाही. दोन्हीकडून वाट सुईपाशीच येते, फक्त मध्ये पैसे आणि दिवस जातात. शिवाय पेट स्कॅन कितीही चांगला निघाला तरी गाठीचा प्रकार तो सांगत नाही. ती हार्मोनवर वाढणारी आहे का, तिच्यात हर-२ हे पेशींची वाढ भडकवणारं प्रथिन जास्त आहे का, हे तुकड्यावरच कळतं, आणि आज सगळे उपचार त्यावरच ठरतात. अगदी लवकरच्या टप्प्यातल्या, पसरण्याचा धोका कमी असलेल्या स्तनाच्या कर्करोगात पेट, सीटी आणि बोन स्कॅन सरसकट करू नका, असं अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कोलॉजीने २०१२ सालीच डॉक्टरांना सांगितलं आहे. तेही कर्करोग पक्का झाल्यानंतरचं. तुमचा तर अजून पक्काही नाही.

सासूबाईंची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. त्यांच्या पिढीने काय पाहिलंय ते मला माहीत आहे. बाईने गाठ वर्षभर पदराआड लपवली, अगदी असह्य झाल्यावर दवाखाना गाठला, तिथे सुई लावली, आणि दोन महिन्यांत सगळं संपलं. पाहणाऱ्याला वाटणारच की सुईने भडकलं. खरं तर ते आधीच पसरलेलं होतं. बायोप्सीमुळे रोग अंगभर पसरला आणि बाईचं आयुष्य कमी झालं, असं इतक्या वर्षांच्या नोंदींमध्ये दिसलेलं नाही. जगभरात दररोज हजारो स्त्रियांची अशीच तपासणी होते. सासूबाईंना हे समजावून सांगा, जमलं तर डॉक्टरांकडे सोबत न्या. मी तर म्हणेन, त्यांनाच डॉक्टरांना विचारू द्या.

आणि बायोप्सी म्हणजे नेमकं काय ते ऐकून घ्या, कारण तुमच्या पत्रात त्याबद्दल एक शब्दही नाही आणि भीती सगळी तिथेच आहे. जागा बधिर करतात. सोनोग्राफीवर बघत बघत गाठीत सुई सरकवतात, खट्ट असा आवाज होतो, दोऱ्याएवढा बारीक तुकडा येतो. असे चार-पाच तुकडे घेतात. त्याला कोअर बायोप्सी किंवा ट्रू-कट म्हणतात. टाका पडत नाही, त्याच दिवशी घरी येता. दोन-चार दिवस निळसर डाग राहतो. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर ती मात्र आधी सांगायची. एकच आग्रह धरा. कुणी म्हणालं, "गाठ आधी काढून टाकू, मग तपासायला पाठवू," तर थांबा. प्रकार कळण्याआधी गाठ काढली तर पुढच्या ऑपरेशनचा आणि आधी केमो द्यायची का याचा सगळा हिशोब बिघडतो.

भाच्याने सांगितलेला स्कॅन खरा आहे. त्याला मॉलिक्युलर ब्रेस्ट इमेजिंग म्हणतात आणि त्याची जन्मकथा मला फार आवडते. टेक्नेशियम सेस्टामिबी हे किरणोत्सारी औषध हृदयाच्या स्नायूंचा रक्तपुरवठा बघायला वापरतात. हृदयाचे स्कॅन वाचताना डॉक्टरांच्या लक्षात आलं की काही बायकांच्या स्तनात एखादा ठिपका उगाच चमकतोय, आणि शोध घेतला तर तिथे कर्करोग निघतोय. हृदय बघायला गेले आणि हे सापडलं. अमेरिकेत १९९७ मध्ये हे औषध स्तनाच्या तपासणीसाठी मंजूर झालं. पुढे मिनेसोटातल्या मेयो क्लिनिकने फक्त स्तनासाठी लहान कॅमेरे वापरून औषधाची मात्रा बरीच खाली आणली.

तुमच्या रिपोर्टवरच्या 'डेन्स' शब्दाचा इथे संबंध येतो. डेन्स म्हणजे स्तनात चरबी कमी आणि ग्रंथींचं ऊतक जास्त. मॅमोग्राफीवर हे ऊतकही पांढरं दिसतं आणि गाठही पांढरी, म्हणून गाठ लपते. सेस्टामिबीला या पांढऱ्यावर पांढऱ्याची अडचण नाही. मेयोने २०१५ मध्ये डेन्स स्तन असलेल्या १,५८५ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्यात २१ कर्करोग निघाले. एकट्या मॅमोग्राफीने ५ पकडले, दोन्ही तपासण्या मिळून १९. उरलेले दोन कर्करोग दोन्ही तपासण्यांच्या हातून निसटले. हे आकडे मी मुद्दाम देते आहे, कारण त्यात या तपासणीची ताकदही दिसते आणि मर्यादाही. पण ती ज्यांच्या स्तनात काहीच जाणवत नाही अशा स्त्रियांसाठी आहे, लपलेलं शोधायला. तुमची गाठ हाताला लागते आहे, सोनोग्राफीवर मापासकट दिसते आहे. ती शोधायची राहिलेली नाही, ओळखायची राहिली आहे. शिवाय या तपासणीत किरणांची मात्रा साधारण २ ते २.५ मिलिसिव्हर्ट, म्हणजे मॅमोग्राफीच्या चार-पाच पट पडते, आणि ती सबंध शरीराला मिळते. वर्षभरात माती, हवा, अन्न यांतून आपल्याला जेवढी मिळते तेवढीच ही आहे, घाबरण्यासारखी नाही, पण विनाकारण घेण्यासारखीही नाही. भाच्याला माझे आभार सांगा आणि तो विषय बंद करा.

मावशींबद्दल तुम्ही जे लिहिलंय, तिथे मात्र माझा विषय खरोखर तुमच्या उपयोगाचा आहे, आणि याबद्दल तुम्हाला कुणीच काही सांगितलेलं दिसत नाही.

पूर्वी स्तनाचा कर्करोग म्हटलं की काखेतल्या झाडून सगळ्या लसिका ग्रंथी काढत. रोग तिथे गेला असो वा नसो. हातातलं पाणी वाहून नेणारी वाटच त्यामुळे तुटे, आणि मग मावशींसारखा हात सुजे, जड होई, बांगडी चढत नसे. १९९०च्या दशकात काही सर्जननी साधाच प्रश्न विचारला. रोग काखेत जाणार तर सगळ्यात आधी कुठल्या ग्रंथीत जाईल? ती पहिली ग्रंथी ओळखता आली आणि ती स्वच्छ निघाली, तर बाकीच्यांना हात लावायचं कारणच काय? त्या पहिल्या ग्रंथीला सेंटिनल नोड म्हणतात, वेशीवरचा पहारेकरी म्हणा. तो ओळखायला आमची मदत लागते. ऑपरेशनच्या दिवशी किंवा आदल्या दिवशी स्तनाग्राच्या गडद भागाजवळ टेक्नेशियमचं अगदी थोडं औषध टोचतात. ते लसिकेच्या वाटेने आपोआप काखेकडे जातं आणि पहिल्या ग्रंथीत अडकतं. आम्ही कॅमेऱ्यावर ती जागा बघून कातडीवर खूण करतो. ऑपरेशनच्या टेबलावर सर्जनच्या हातात पेनासारखं गॅमा प्रोब, म्हणजे किरणं ओळखणारं यंत्र, असतं. ग्रंथीजवळ नेलं की ते टीं टीं वाजायला लागतं. अनेक सर्जन सोबत निळा रंगही टोचतात. लघवी एक-दोन दिवस हिरवट-निळी होते, ते बघून घाबरायचं नाही. एक ते तीन ग्रंथी निघतात, तपासल्या जातात, आणि त्या स्वच्छ असल्या तर काख वाचते. हाताला सूज येण्याचा धोका त्याने पुष्कळ कमी होतो, अगदी शून्य होत नाही.

म्हणून बायोप्सीत कर्करोग निघालाच, तर सर्जनला पहिला प्रश्न हा विचारा: माझ्या काखेची सोनोग्राफी स्वच्छ आहे का, आणि असेल तर सेंटिनल नोड करणार का? तुमच्याकडे सोय नसेल तर कुठे पाठवाल? तुमची गाठ लहान आहे, म्हणून मला याची आशा जास्त वाटते.

टेक्नेशियम येतं कुठून हेही सांगून टाकते, कारण 'न्यूक्लिअर' म्हटलं की आपल्या लोकांना तारापूर आणि बॉम्ब आठवतो. आमच्याकडे शिशाच्या आवरणात एक लहानसं यंत्र असतं. त्यात मॉलिब्डेनम-९९ हा किरणोत्सारी धातू असतो. त्याचं हळूहळू टेक्नेशियम होत राहतं. रोज सकाळी त्यातून मिठाचं पाणी सोडून टेक्नेशियम काढून घ्यायचं. जगभर या यंत्राला गाय म्हणतात, आणि आम्हीही एकमेकांना विचारतो, सकाळची धार काढली का? आठवडाभराने गाय आटते, नवी मागवतात. या विद्येशी महाराष्ट्राचं नातं जुनं आहे. परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून चालू आहे, आणि देशातलं पहिलं पेट यंत्र तिथेच २००२ मध्ये बसलं.

पेट स्कॅन आणि बोन स्कॅन तुमच्या वाट्याला कधी येतील? गाठ मोठी निघाली, काखेतल्या ग्रंथी भरलेल्या असल्या, कातडी लाल होऊन संत्र्याच्या सालीसारखी झाली, सतत एकाच हाडात दुखायला लागलं, रक्ताच्या तपासणीत यकृताचं काही बिघडलेलं दिसलं, किंवा बऱ्याच वर्षांनी रोग उलटल्याची शंका आली, तर. तेव्हा मात्र मागे हटू नका. लपलेलं दुसरीकडचं ठाणं शोधण्यात पेटसारखी तपासणी विरळा.

तशी वेळ आलीच तर मधुमेहाचं नीट बघावं लागेल. चार ते सहा तास उपाशी राहायचं, पाणी चालतं. रक्तातली साखर २०० च्या खाली हवी, नाहीतर रक्तातली साखर आणि औषधाची साखर यांच्यात ओढाताण होते आणि स्कॅन बिघडतो. मेटफॉर्मिनमुळे आतडी खूप चमकतात आणि पोटातलं दिसेनासं होतं, म्हणून ती गोळी आधी थांबवायची का आणि किती दिवस, हे स्कॅन ठरवतानाच विचारून घ्या, स्वतःच्या मनाने बंद करू नका. आदल्या दिवशी पाण्याच्या कळशा उचलू नका, भराभर चालू नका, कारण दमलेले स्नायूही साखर खातात. थंडीचे दिवस असतील तर शाल न्या. औषध टोचल्यावर तासभर गप्प पडून राहायचं. आम्ही बोलू नका म्हणतो ते उगाच नाही, बडबडीने घशाचे स्नायू चमकतात.

आता लेक. मॅमोग्राफी, सोनोग्राफी, बायोप्सी यांतल्या कशामुळेही तुमच्या अंगात किरणं राहत नाहीत. बायोप्सीच्या रात्री तिच्या शेजारी खुशाल झोपा. पेट स्कॅन झाला तर त्यातलं फ्लोरिन दर ११० मिनिटांनी निम्मं होतं, म्हणजे सकाळी टोचलेलं रात्रीपर्यंत दोन-तीन टक्केच उरतं. बोन स्कॅनमधलं टेक्नेशियम सहा तासांनी निम्मं होतं आणि बरंचसं लघवीवाटे निघून जातं. त्या दिवशी भरपूर पाणी प्यायचं, लघवी तुंबवायची नाही, नंतर फ्लश नीट करायचा आणि लेकीपासून लांब बसायचं, शक्य असेल तर ती रात्र वेगळ्या खोलीत. दुसऱ्या दिवसापासून नेहमीसारखं. सोबत म्हणून मात्र तिला आमच्या विभागात आणू नका, तिथे इतर पेशंटही औषध टोचून बसलेले असतात. आणि हो, हे स्कॅन म्हणजे 'लाईट देणं' नव्हे. शेक देण्याचा उपचार वेगळा, तिथे मात्रा कितीतरी मोठी असते. दोन्ही शब्द आपल्याकडे एकमेकांत मिसळतात आणि भीती दुप्पट होते.

बहिणींचे पेट स्कॅन करू नका. निरोगी बाईला तपासायची ही पद्धतच नव्हे. त्यांना मॅमोग्राफीबद्दल आपल्या डॉक्टरांशी बोलू द्या, आणि प्रशिक्षित हाताकडून स्तन तपासून घेऊ द्या. ही हाताची तपासणी कमी समजू नका. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून जास्त स्त्रियांवर याचा अभ्यास केला. आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी घरोघरच्या बायकांचे स्तन तपासत. २०२१ मध्ये निकाल आला. पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांमध्ये या आजाराने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले होते. पन्नाशीच्या आत तसा फायदा दिसला नाही, तेही खरं. तुमच्या मावशी मात्र फार लहान वयात गेल्या. तुमच्या बायोप्सीत कर्करोग निघाला तर जनुकांच्या तपासणीबद्दल विचारा. ती आधी तुमची करतात, मग गरज पडली तर बहिणींची आणि लेकीची.

पैशांचं म्हणाल तर ते बावीस हजार बायोप्सी आणि तुकड्याच्या तपासणीसाठी वापरा, बरेच शिल्लक राहतील. पुढे उपचारांची वेळ आली तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्याला भेटा.

सोमवारी सकाळी दवाखान्यात फोन करून वेळ घ्या. मॅमोग्राफीच्या फिल्म आणि सीडी सोबत न्या, नुसता रिपोर्टचा कागद नको. रिपोर्ट यायला आठवडा-दहा दिवस लागतील, आणि ते दिवस जड जातील. कर्करोग निघाला तर रिपोर्टमध्ये ईआर, पीआर (या दोन हार्मोनच्या तपासण्या) आणि हर-२ या तिन्हींपुढे काय लिहिलंय ते बघा. लिहिलेलं नसेल तर तो तुकडा त्या तपासण्यांना पाठवायला सांगा. मग मला पुन्हा लिहा, रिपोर्टची प्रत जोडून. मी वाट बघते आहे.